साळवे सर आणि उत्तर ध्रुवाची तब्येत

सकाळी नळावर कुणी "कसं काय, सर?" म्हटलं, की साळवे सर स्वतःचं काही सांगत नसत. "बर्फ वाढतोय," एवढंच म्हणत आणि बादली उचलत. बर्फ उत्तर ध्रुवाकडचा. नळ नाशिकचा, आमच्या कॉलनीतला.

सर हायस्कुलात भूगोल शिकवत. वाचनालयात एक विलायती मासिक दोन महिने उशिरा यायचं, त्यावर त्यांच्या बातम्या चालत.

"म्हणजे शिळ्याच की," मी एकदा म्हटलं.

"तुमच्या कचेरीतल्या फायलींपेक्षा ताज्या आहेत. लिहून घ्या."

'लिहून घ्या' म्हटल्याशिवाय वाक्य पुरं झालं असं त्यांना वाटतच नसे.

अठ्ठ्याहत्तर साली परदेशात रडार बसवलेला उपग्रह सोडला, तेव्हा सरांनी कॉलनीत पेढे वाटले. कुणाला मुलगा झाला, हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच आठवड्यात द्वारका चौकातल्या टपरीवर चहा पिताना त्यांनी एका ट्रक ड्रायव्हरला धरलं. तो लासलगावहून कांदा घेऊन चालला होता.

"फोटोला ऊन लागतं. तिकडं महिनोन्महिने अंधार, वर ढग. रडार काय करतं? वरून स्वतःच हाक मारतं आणि कोण ओ देतं ते ऐकतं. खडबडीत बर्फ मोठ्यानं ओ देतो. शांत पाणी हाक भलतीकडंच घालवतं. त्यावरून कळतं, बर्फ कुठवर आला, कुठं फुटला. लिहून घ्या."

"लय भारी," ड्रायव्हर म्हणाला. "मंग आमचा कांदा दिसल का त्याला? वर ताडपत्री हाय."

सरांनी गंभीरपणे विचार केला. "ट्रक फार तर ठिपक्याएवढा. कांदा नाही."

दिवाळीच्या सुमारास कॉलनीच्या समाजमंदिरात सरांचं व्याख्यान ठरलं. एका रविवारी, दुपारी चार वाजता. त्यांनी घरातली चादर घेतली, नीळ कालवून समुद्र रंगवला, बर्फाची जागा पांढरी ठेवली. आणि आदल्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या: उपग्रहाची वीज गेली, तो मुका झाला. जेमतेम तीन महिने चालला होता.

मी धावत गेलो. "सर, आता व्याख्यान रद्द?"

"का म्हणून? तीन महिन्यांत त्यानं जे पाहिलं, ते उलगडायला माणसांना वर्षं लागतील. आणि एकदा जमलं ते पुन्हा जमतं. दुसरा जाईल, तिसरा जाईल."

दुसऱ्या दिवशी नऊ जण आले. पाऊण तासानं मी एकटा उरलो. सर मात्र सभागृह खच्चून भरल्यासारखे बोलले. एक शब्द गाळला नाही.

नंतर चादरीची घडी घेऊन मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. वहिनींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, मुलंबाळं नव्हती. सरांनी चहा केला. साखर कुठल्या डब्यात, ते त्यांना तीन डबे उघडल्यावर सापडलं. चहा संपला, तसा मी उठलो, दाराशी जाऊन चपला घातल्या.

"निघालात?"

"हो, घरी वाट बघत असतील."

सर कपाकडे बघत राहिले. मग वर्गातल्या आवाजात म्हणायला गेले, पण आवाज तेवढा चढला नाही.

"बसा की हो जरा. दक्षिण ध्रुव अजून राहिलाय."

मी चपला काढल्या आणि परत आत जाऊन बसलो.