उंबरठ्यावरचे भामरे सर

आमच्या समोरचे भामरे सर आठ वर्षं रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत होते आणि एकदाही घरात आले नव्हते. एक पाय आत, एक पाय बाहेर, पाठ चौकटीला.

उंबरठ्यावर उभं राहिलेलं आमच्या आईला मुळीच खपत नाही. ती रोज अहिराणीत ओरडायची, "सर, येक तं मझार या, नही तं आंगनमा जा! लक्ष्मी कथाइन ई?" मझार म्हणजे आत, आणि वाट अडली तर लक्ष्मी येणार कुठून, हा तिचा सवाल.

"काकू, सगळी गंमत उंबरठ्यावरच असते," म्हणत सर बशीत चहा ओतायचे.

सर नंदुरबारच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. बेडकाच्या कातडीत जंतू मारणारी इवलीशी प्रथिनं असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. जंतूच्या पातळ आवरणापाशी पोचल्यावर ती आडवी पडतात की उभी घुसतात, एवढंच सरांना बघायचं होतं. त्यासाठी ते वर्षातून दोनदा थर्मासमध्ये नमुना घेऊन रेल्वेने मोठ्या शहरात जायचे. तिथे एनएमआर नावाचं यंत्र आहे. अवाढव्य चुंबक, त्यात बोटाच्या पेराएवढी नळी तिरकी बसवून सेकंदाला हजारो गिरक्या!

"विरघळवायचं नाही, जसं चिकटलंय तसंच बघायचं. नळीचा कोन चोपन्न पूर्णांक सात अंश!" सर सांगायचे.

हा कोन सरांच्या अंगात भिनला होता. त्यांच्या घरातलं घड्याळ तिरकं, आरसा तिरका, गणपतीची तसबीरही तिरकी. वेळ बघायची तर मान वाकडी करावी लागे.

एकदा ऐन उन्हाळ्यात आईने अंगणात खाटेवर बिबडे वाळत घातले होते, आमचे ज्वारीचे पापड. सरांना तो कोन स्वतःच्या अंगाने करून दाखवायची हुक्की आली. कलले, कलले, आणि धपकन खाटेवर!

"मन्हा बिबडा गयात!" आई किंचाळली.

ओले बिबडे सदऱ्याला चिकटलेले, तरी सर आनंदात. "बघा काकू! पेप्टाइडसुद्धा आधी असंच आडवं पडतं!" पुढे तीन दिवस त्यांना बिनसाखरेचा चहा मिळाला.

यंदा सर शहरातून परतले ते निकाल घेऊनच. उंबरठ्यावरूनच मला सांगू लागले, "पेप्टाइड एकटं असलं की ते वरवर नुसतं पडून राहतं. शेजारी आणखी चार जमले, की मग आत वळतं."

आतून आई म्हणाली, "मंग तुम्ही का नही वळत?"

सर हसले. मग बशीकडे बघत म्हणाले, "काकू, आमची ही गेल्यापासून कुणाच्या घरात बसवत नाही. बसलं की उठून त्या रिकाम्या घरी जावं लागतं. उंबरठ्यावरून परत फिरणं सोपं पडतं."

आठ वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सर चौकटीला टेकले तशी आई चक्क त्यांच्या शेजारी उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. मला ओढलं, माझ्या बायकोला ओढलं, शेजारच्या चंपाभाभींना हाक मारून बोलावलं. एका उंबरठ्यावर पाच माणसं! कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत गेलं त्याचा पत्ता नाही.

"चार जन जमनात," आईने मोजून सांगितलं. "चला भाऊ, आते मझार."

आठ वर्षांत पहिल्यांदा सरांनी आत यायला चौकटीवरून पाठ काढली आणि हळूच विचारलं,

"काकू, चपला कुठं काढू?"