सासूबाईंचं जागरण

ओबिओराची आई गोष्ट सांगायची ती अंधारात. दिवा विझला की तिच्या एकट्या गळ्यातून सारं रान बोलू लागे. कासव नाकातून बोले, बिबट्या पोटातून. राजाची नावडती राणी बोलायला लागली की आई आवाज इतका बारीक काढी की ओबिओराला वाटे, आता हा धागा तुटणार. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. कासवानं कुणाला फसवलं, राणीचं पुढे काय झालं, सगळं पुसट झालं. आवाज तेवढे कानात राहिले.

म्हणून नायजेरियातल्या एनुगू शहरात त्याची लेक कामसी जन्मली तेव्हा त्याच्या दोन खोल्यांच्या घरी ओमुग्वोला, म्हणजे बाळंतपण करायला, यायचा मान आपसूकच सासूबाईंकडे गेला. अवकाकडच्या गावाहून त्या आल्या त्याच मुळी घर ताब्यात घ्यायला आल्यासारख्या. बरोबर सुक्या मासळीचं गाठोडं, मसाल्याच्या शेंगा, पामतेलाचा डबा आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. आल्या संध्याकाळीच त्यांनी लेकीला, उझोअमाकाला, कढत पाण्यानं असं काही शेकलं की तिची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मग तिला तिखटजाळ सूप पाजलं, बाळाला तेल लावलं, नाक चिमटीत धरून सरळ केलं आणि जावयाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही दुकान सांभाळा. इथे लुडबूड नको."

"रात्री काही लागलं तर मी..."

"रात्रीचं तर बघूच नका. सहा पोरं वाढवली, दोन लेकींचे ओमुग्वो केले. तान्हं मूल घरात असलं की माझा डोळा लागत नाही."

ओबिओरानं मान डोलावली. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात दिवसभर ज्याच्या त्याच्यापुढे मान डोलावायची त्याला सवय होती. पण त्याला पोर एकदा हातात घ्यायची होती. दवाखान्यातून येतानासुद्धा ती सासूबाईंच्याच कुशीत होती आणि त्याच्या हातात पिशव्या होत्या.

त्या रात्री तो पाणी प्यायला उठला, तर बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सिनेमा चालू. राजवाडा, राजा, गळ्यात पोवळ्यांच्या माळा. समोर कोचावर सासूबाई मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपलेल्या. घोरणं असं तालात की कुणी ढोल वाजवावा. आणि त्यांच्या उतरत्या मांडीवरून कामसी तसूतसूनं खाली घसरत होती, डोळे टक्क उघडे.

ओबिओरानं तिला अलगद उचललं. ब्रेकच्या पट्ट्यांच्या एका खोक्याएवढं वजन. मात्र खोकं कधी त्याच्याकडे असं बघत नसे. तो खाली चटईवर बसला, पोर छातीशी धरली, आणि राजाच्या दरबारातला निळा उजेड दोघांच्या तोंडावर हलू लागला.

पहाट व्हायच्या आत त्यानं तिला पुन्हा सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि घसरू नये म्हणून उशीचा बांध घातला.

"रात्रभर टक्क जागी होते," सकाळी सासूबाई म्हणाल्या. म्हणताना त्या पेल्यात बघत होत्या.

"दमला असाल, आई."

"सवय आहे."

सासू-जावयाचं त्या घरात पहिल्यांदा एकमत झालं ते असं.

मग हाच रिवाज पडला. सासूबाई कोचावर पहाऱ्याला बसायच्या, राजाचा पहिला संवाद संपायच्या आत पेंगायच्या, आणि ओबिओरा पाय न वाजवता येऊन पोर उचलायचा. भूक लागली की आत नेऊन आईजवळ द्यायचा, पोट भरलं की परत आणायचा. उझोअमाका शेकानं आणि सुपानं अशी गुंगलेली असे की पोर कुणी आणली नि कुणी नेली हे तिला उमगत नसे. सिनेमा मात्र संपत नसे. त्याचा एक भाग संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. ओबिओरा कामसीच्या कानाशी लागून सगळं समजावून सांगे.

"ती लाल रुमालवाली आहे ना, ती दुष्ट. तिच्याकडे बघू नकोस. आणि हा जावई तिचा. साधा दिसतो, पण आता बघ कसा भडकतो."

कामसीची आवड वेगळीच होती. पडद्यावर प्रेम सुरू झालं, बासरी वाजली, की ती तोंड वाकडं करी. भांडण पेटलं की गप्प. जेवढी शिवीगाळ जास्त, तेवढी ती शांत. मग ओबिओरा तिच्या पाठीवर थोपटत, त्याचं त्यालाच सुचलेलं गुणगुणे:

*नीज गं कामसी, राजा गेला वनी,*
*निळ्या उजेडात भरलं डोळां पाणी.*
*नीज गं कामसी, राणी झाली दूर,*
*माझ्या छातीपाशी तुझं इवलं ऊर.*

दुकानात त्याचे हाल होत. एकदा एक जाडजूड गिऱ्हाईक गळ्यात माळ घालून आलं, तर अर्धवट झोपेतल्या ओबिओरानं उभं राहून त्याला "महाराज" म्हटलं. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की भाव न करताच माल घेऊन गेलं. मालक म्हणाला, "रोज असंच झोपत जा."

आणि मग एका रात्री, जावई सासूला घराबाहेर काढतो त्याच प्रसंगाच्या ऐन मध्यावर, वीज गेली.

पडदा काळा झाला. कामसीनं क्षणभर वाट पाहिली. मग तिनं भोकाड पसरलं. जनरेटरमध्ये पेट्रोल नव्हतं आणि असतं तरी रात्री तो लावायला मनाई होती. एकाच अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं. सासूबाई जाग्या होतील या धास्तीनं ओबिओरा पोरीला घेऊन स्वयंपाकघरामागच्या बोळात गेला. थोपटलं, झुलवलं, गाणं म्हटलं. कामसीला गाणं नको होतं. तिला सिनेमा हवा होता.

तेव्हा काळोखात ओबिओराच्या गळ्यातून एक आवाज आला. पोटातून आलेला, बिबट्याचा.

"म्हातारे, ऊठ. बोचकं बांध. माझ्या घरात तू आता एक रात्रही नकोस."

कामसी गप्प.

त्यानं आवाज बारीक केला, तुटायला आलेल्या धाग्याएवढा. "जावईबापू, अशा अंधारात मी कुठे जाऊ? मी तुमचं काय वाईट केलं?"

कामसीनं हुंदका गिळला. पण पुढचं काही कुणी पाहिलंच नव्हतं. वीज तिथेच गेली होती. ओबिओरा थांबला की ती सुरू होई. म्हणून त्यानं तेच पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. दर वेळी म्हातारीला थोडं जास्त हाकललं, आणि म्हातारीही थोडी जास्त रडली. अखेर पोर त्याचं बोट मुठीत धरून झोपली. इतकं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं, असं त्याला वाटलं.

सकाळी शेजारची इजेओमाची आई परातभर गरम भजी घेऊन आली. भजी विकणं हा तिचा धंदा. त्यामुळे ती फुकट देते आहे म्हणजे काहीतरी मोठं घडलं असणार.

"उझोच्या आई, मी भिंतीपलीकडेच आहे हो. काही लागलं तर हाक मारा."

"काय लागणार?"

"रात्री सगळं ऐकलं मी. बोळातलं."

सासूबाईंचा हात परातीवरच थांबला. रात्री बोळात काय झालं हे त्यांना कुठून माहीत असणार?

"तुम्ही नाही ऐकलंत?" इजेओमाच्या आईनं डोळे बारीक केले. "तुम्ही तर जाग्या असता ना?"

"असते तर. टक्क जागी असते."

"मग जावई 'बोचकं बांध' म्हणाला तुम्हाला. माझ्या कानांनी ऐकलं."

सासूबाईंनी एक भजं उचललं, सावकाश खाल्लं. "जे झालं ते झालं. मी मनात ठेवत नाही."

झालं. भज्यांच्या कढईभोवती दुपारपर्यंत ही बातमी तळून निघाली. ओमुग्वोला आलेल्या सासूला जावयानं घराबाहेर काढलं, तेही रात्री, अंधारात, रडवून. बाजारात सुरणासारखे मोठे कंद विकणारे सासूबाईंचे धाकटे भाऊ, इकेम्बामामा, यांच्या कानावर ती गेली तेव्हा जावयानं हातही उगारला होता.

ओबिओरा घरी आला तर बायको दारात.

"आईला काय बोललास?"

"काही नाही गं."

"काही नाही, तर ती गप्प का आहे? आई कधी गप्प बसलीय का?"

ओबिओरानं बायकोच्या खांद्यावरून आत पाहिलं. सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. घातलेल्या मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या. खरं सांगावं, तर त्यांची सहा पोरं, दोन ओमुग्वो आणि आख्ख्या गावातला लौकिक एका वाक्यात मातीला मिळणार. तो म्हणाला, "जरा दमलोय," आणि हातपाय धुवायला गेला.

संध्याकाळी अंगणात बैठक बसली. वीज नव्हतीच, कंदील लावला. अंगणातले सगळ्यात वडीलधारे ओनोचिए आजोबा. आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं, त्यामुळे अंधाराला न बिचकणारे. त्यांनी बैठकीच्या रिवाजाप्रमाणे कोलाची बी फोडून सगळ्यांना वाटली आणि इकेम्बामामांकडे पाहिलं.

मामा म्हणाले, "मला भांडायचं नाही. बहीण, भाची आणि बाळ, तिघींना आत्ता घेऊन जातो. राहिलेला ओमुग्वो गावी होईल. तीन महिन्यांनी यावं यांनी बाळ बघायला."

तीन महिने. ओबिओराच्या डोळ्यांसमोर रिकामी चटई आली आणि एकट्यानं पाहायचा सिनेमा.

"बोल बाबा," आजोबा म्हणाले. "काय झालं?"

"मी सिनेमा म्हणत होतो."

"म्हणत होतास?"

"वीज गेली होती ना."

"कुणासाठी म्हणत होतास?"

ओबिओरानं सासूबाईंकडे पाहिलं. त्या हातातली कोलाची फोड निरखत होत्या, जणू अशी वस्तू जन्मात पाहिली नव्हती.

"माझ्यासाठीच," तो म्हणाला.

"म्हणजे रात्री, बोळात, बाईच्या आवाजात, स्वतःसाठी." आजोबांनी थोडा विचार केला. "पितोस का तू?"

"नाही पीत हो," इजेओमाची आई म्हणाली. "तीच तर काळजी आहे."

"बाळ कुठे होतं तेव्हा?" मामांनी विचारलं.

"माझ्या मांडीवर," सासूबाई घाईनं म्हणाल्या. इतक्या घाईनं की त्यांना स्वतःलाच ते ऐकून दचकायला झालं.

ओबिओराला सगळे दरवाजे बंद झालेले दिसले. वाद संपवावा म्हणून तो सासूबाईंसमोर गुडघ्यांवर बसला. "चुकलं माझं. बोललो असेन. माफी मागतो, आई."

"म्हणजे कबूल," मामा उठले. "मला वाटत होतं, बायका तिखटमीठ लावतात. कबूलच आहे म्हटल्यावर राहायचं कशाला? उझो, सामान बांध."

माफीनं सुटायची ती गाठ आणखी आवळली. उझोअमाका डोळे पुसत आत गेली. दोन पिशव्या दाराशी आल्या. बाळाचा टब आला. मामांनी तो काखेत घेतला.

आणि सासूबाईंच्या खांद्यावर कामसी जागी झाली.

काळोख, माणसं, टीव्ही नाही. तिनं सूर लावला. सासूबाईंनी तिला डाव्या खांद्यावर घेतलं, उजव्यावर घेतलं, पालथी घातली, ढेकर काढला, पोटावर तेलाचा हात फिरवला. सहा पोरांवर चालले होते ते सगळे उपाय झाले. पोर निळी पडायला आली. उझोअमाका धावत बाहेर आली, तिनं छातीशी घेतलं, तर कामसीनं तोंड फिरवलं. पोर पुन्हा आजीकडे आली.

ओबिओरा अजून गुडघ्यांवरच होता. त्याचे ओठ हलत होते. त्यानं खूप आवरलं. मग त्याला आवरेना.

"म्हातारे," तो पोटातून म्हणाला, "ऊठ. बोचकं बांध."

मामांच्या काखेतला टब खाली पडला. "माझ्या देखत?" ते म्हणाले.

"माझ्या घरात तू आता एक रात्रही नकोस," ओबिओरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यानं आवाज बारीक केला, आणि अंगणात नव्हतीच अशी एक म्हातारी बोलू लागली. "जावईबापू, अशा अंधारात मी कुठे जाऊ?"

कामसीचं रडणं बंद झालं होतं. ती आजीच्या खांद्यावरून मान उचलू पाहत होती. अजून नीट न धरणारी ती मान, आवाज आला त्या बाजूला.

इजेओमाच्या आईनं तोंडावर हात ठेवला. सासूबाई चार पावलं चालत जावयापाशी आल्या आणि वाकून त्यांनी पोर त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली, मान तळहातावर, पाय कोपरात. अशी सफाई एका रात्रीत येत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं.

"बाई," ओनोचिए आजोबा म्हणाले, "हे काय चाललंय? काल रात्री हे बाळ कुणापाशी होतं?"

सासूबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि हातात धरला.

"मी झोपले होते," त्या म्हणाल्या.

"काल?"

त्यांनी जावयाच्या कुशीतल्या पोरीकडे पाहिलं.

"आल्यापासून," त्या म्हणाल्या. "रोज."