गुळगुळीत म्हणून नापास

कुपवाडच्या कारखान्यात आकाराम मेस्त्रींचं एकच म्हणणं असायचं. "आमच्या लेथवरनं उतरलेल्या जॉबात तोंड बघून भांग पाडता आला पायजे. न्हाईतर तो जॉब न्हवं, जातं हाय जातं!"

तीस वर्षांत त्यांचा एक जॉब परत आला नव्हता. म्हणून साताऱ्याच्या पंप कंपनीची पहिलीच ऑर्डर मिळाली, तेव्हा मालक धनपालअण्णांनी ड्रॉइंग थेट मेस्त्रींच्या हातात ठेवलं. चाळीस फ्लँज करायचे होते. फ्लँज म्हणजे दोन पाइप जोडताना तोंडाला तोंड लावून बोल्टनं आवळतात, त्या लोखंडी चकत्या.

चकतीच्या तोंडापाशी एक खूण होती. इंग्रजी व्हीसारखी, उजवी बाजू लांब, मध्ये आडवी रेघ आणि शेजारी ३.२.

"हे काय वो, मेस्त्री?" अण्णांनी विचारलं.

"फिनिशची खूण. चांगलं करा म्हंत्यात. आमी वाईट कवा केलंय?"

आणि मेस्त्रींनी पॉलिश पेपरनं चार दिवस असं घासलं, असं घासलं, की कारखान्यात शिरलेली एक चिमणी फ्लँजवर बसून स्वतःशीच भांडायला लागली!

माल गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. चाळीसच्या चाळीस नापास! सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: पाहिजे ३.२, मिळालं ०.२.

अण्णांना घाम फुटला. मेस्त्रींनी मात्र चष्मा लावून आकडे दोनदा वाचले. "तीन मार्क कमी पडलं! थांबा, आनखी घासतो!"

शेजारी बिराप्पा स्टीलच्या भांड्यांना चकाकी आणायचा. त्याचं बफिंग मशीन मेस्त्रींनी दोन दिवस ताब्यात घेतलं. आता फ्लँज उन्हात धरला, की समोरच्या शेडमधला वॉचमन डोळे झाकून शिव्या द्यायचा!

माल पुन्हा गेला, पुन्हा आला. मिळालं ०.०५.

"आवं, आदी पॉइंट दोन तरी हुतं! आता तेबी गेलं!" मेस्त्री ओरडले. "मशीन बिघडलंय त्यांचं. अण्णा, टेम्पो काढा!"

"मेस्त्री, जरा सबुरीनं. आता पुन्हा नापास झालो तर काम दुसरीकडं जाणार, असं कळवलंय त्यांनी."

वाटेत उंब्रजला टेम्पो चहाला थांबला, पण मेस्त्री उतरले नाहीत. साताऱ्यात कुणाला काय काय सुनावायचं, त्याची त्यांची तालीम चालली होती.

कंपनीत माल तपासणारी ब्राह्मी नावाची मुलगी होती, असेल पंचवीसेक वर्षांची. तिनं फ्लँजवर एक डबीएवढं यंत्र ठेवलं. त्यातली बारीक सुई मुंगीसारखी सरकली आणि पडद्यावर आकडा आला. ०.०५.

"बगा! एवढ्या आरशाला एवढंच मार्क?"

"मामा, हे मार्क नाहीत," ब्राह्मी म्हणाली. "सुई चढउतार मोजते, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. जॉब जेवढा खरबरीत, तेवढा आकडा मोठा. तुम्ही घासत गेलात, म्हणून तो कमी होत गेला."

मेस्त्रींनी फ्लँजवरून अंगठा फिरवून पाहिला.

"मंजे आमी... जादा चांगलं केलं?"

"जादा गुळगुळीत. दोन फ्लँजमध्ये गास्केटचं मऊ पॅकिंग बसतं. त्याला धरून ठेवायला बारीक रेघा लागतात. नाहीतर दाब आला की ते सटकतं आणि पाणी गळतं."

मेस्त्रींनी खाली वाकून फ्लँज उलटसुलट बघितला. गावाकडं, कडेगावला, त्यांचा दीड एकर ऊस होता. एकदम त्यांनी मान वर केली.

"मंजे सरी पाडायची! सपाट रानात पाणी कुटंबी पळतं, सरीत कसं जाग्याला ऱ्हातं!"

"अगदी तसंच, मामा!"

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय? एक लेथ द्या मला!"

कंपनीचे मोठे साहेब विश्वजीतराव हसत बघायला आले. त्यांच्यामागं निम्मा कारखाना जमला. मेस्त्रींनी गोल टोकाचं टूल लावलं, त्याची चाल जरा वाढवली, कान देऊन आवाज ऐकला आणि ते फ्लँजच्या तोंडावरून एकदाच फिरवलं. आरसा गेला. त्या जागी केसाएवढ्या रेघा आल्या, एकीला लागून एक.

सुई सरकली. ३.१! "एवढा फरक चालतो," ब्राह्मी म्हणाली.

गास्केट घालून तो फ्लँज कंपनीच्या पाइपाला आवळला आणि पाण्याचा दाब दिला. दाबाचा काटा चढला, दुप्पट आकड्यावर गेला, लाल रेघेपर्यंत गेला. मेस्त्रींनी खाली आपला कोरडा रुमाल अंथरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रुमाल कोरडाच!

"शाब्बास, मेस्त्री!" विश्वजीतराव म्हणाले. "उरलेले एकोणचाळीस असेच करून पाठवा. आणि पुढच्या महिन्यात दोनशे!"

टाळ्या पडल्या. धनपालअण्णांनी भर कारखान्यात मेस्त्रींना मिठी मारली. मेस्त्रींनी तिथल्या तिथं कंपनीच्याच चार कामगारांना खुणेतल्या आकड्याचा अर्थ समजावून सांगितला आणि खुणेत आडवी रेघ असली तर ती बाजू मशीनवर कापायचीच, हे ब्राह्मीकडून शिकून लगेच तिलाच परत शिकवलं!

निघताना ब्राह्मीनं तपासणीचा कागद पुढं केला. मेस्त्रींनी ऐटीत चष्मा लावला, कागद न्याहाळला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हितं चुकलं तुमचं. आडवी रेघ न्हाई, शेजारी आकडा न्हाई, नुसतीच खूण! करणाऱ्यानं काय समजायचं? किती मायक्रॉन?"

अण्णा उगाचच खोकले.

"मामा," ब्राह्मी हळूच म्हणाली, "ती 'बरोबर'ची खूण आहे. तुम्ही पास झालात."