नंदाबाईसाहेबांची धावड्याच्या डोंगरावरील स्वारी

श्रीकृपेंकरून हकीकत ऐसीजे. जालना शहरीं नंदाबाईसाहेब, वय वर्षें सत्तावन्न, सुखरूप नांदत असतां एक शल्य मनीं होतें. बाईसाहेबांचें माहेर मौजे धावडा, आणि त्याचे पाठीशीं डोंगर. तेथें आतां वनउद्यान होऊन चारशें बारा पायऱ्या व माथां मनोरा जाहला. परंतु बाईसाहेबांनीं माथा कधीं पाहिला नाहीं. कारण कीं, जेव्हां निघावें तेव्हां वाटेंत बंधूंचें घर लागे, आणि मग चहा, मग पोहे, मग जेवण, मग ऊन उतरूं देणें, आणि मग परतीची एसटी.

सबब शके एकोणीसशें सत्तेचाळीस, मार्गशीर्षमासीं, रविवारीं बाईसाहेबांनीं फर्माविलें कीं, आधीं माथा, मग माहेर. यजमान जगन्नाथराव मोटार हांकीत भोकरदन मागें टाकून धावड्याचे शिवेंत दाखल जाहले. माहेरच्या कोणी ओळखूं नये म्हणोन बाईसाहेब पदर ओढून आसनापुढें खालीं दडल्या. परंतु जगन्नाथरावांची खोड ऐसी कीं, फोनमधील नकाशावर इतबार नाहीं, जित्या माणसास पुसल्याविना वळण घेणें नाहीं. पाराजवळ कांच उतरवून एका पाठमोऱ्या गृहस्थास डोंगराची वाट पुसली. गृहस्थ वळले, तों खासे मेहुणे पुंजारामराव!

“दाजी, तुम्ही? आन् खाली कोन दडून बसलंय? नंदे?”

मग काय पुसतां! स्वारी कैद होऊन घरीं नेली. चहा जाहला, पोहे जाहले, आणि भावजय चांगुणाबाईंनीं धपाट्यांचा तवा चढविला. उद्यानाचा दस्तूर ऐसा कीं, तीन वाजलियावर वर सोडणें नाहीं. घड्याळांत दोन वाजून दहा मिनिटें. बाईसाहेब उठल्या, तों चांगुणाबाईंनीं निर्वाणीचें शस्त्र काढिलें.

“वन्सं, न जेवता गेल्या तर मी बी जेवनार न्हाई. बिलकुल न्हाई.”

बाईसाहेबांनीं हळूच पुसिलें, “वहिनी, तुम्ही तरी वर गेल्त्या का कधी?”

चांगुणाबाईंनीं धपाटें उलथिलें. “लाकडं आनायला निम्म्यापोत गेल्ते. लग्नाच्या साली.”

आणि मग त्यांनीं गॅस बंद केला. तह ठरला कीं, धपाटीं फडक्यांत बांधोन वरच जेवावें. तिनाला चार मिनिटें कमी असतां चौघांनीं फाटक ओलांडिलें. एकशें दहाव्या पायरीवर जगन्नाथरावांचे गुडघे फितूर जाहले, आणि पुंजारामरावांनीं तेथील बांकावर त्यांचेसह छावणी केली. दोघी नणंद-भावजया मात्र धापा टाकीत, कंबर धरीत, एकमेकींस “चला की जल्दी” ऐसें दटावीत मनोऱ्यावर चढल्या. खालीं मुलूख अफाट पसरला. कपाशीचीं शेतें गोधडीच्या ठिगळांऐसीं दिसों लागलीं.

“वन्सं, आपलं घर केवढुसं हाय हो!”

धपाटीं तेथेंच फस्त जाहलीं. इतक्यांत वनरक्षकानें शिटी फुंकून, उद्यान बंद होतें, उतरावें, ऐसा हुकूम सोडिला. बाईसाहेबांनीं कठड्यावरील हात न काढितां उलट फर्मान केलें:

“बाबा, मी सत्तावन वर्सं थांबले. तू पाच मिन्टं थांब.”

वनरक्षक शिटी खिशांत घालून पायरीवर बसला. सबब सदरहू डोंगर माथ्यासह पुरतीं पांच मिनिटें नंदाबाईसाहेबांचे अमलांत राहिला. फत्ते जाहली, ती येथें नमूद केली असे.