अळणी टाळ्या

"मीठ मुठीनं घे, चिमटीनं नको. आपण जेवायला घालतोय, औषध देत नाही."

बापाचा हा आवाज विल्मार एचेव्हेरीच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. नदीकाठच्या अंगणात निखारे फुलायचे, चरबी ठिबकायची आणि बाप मांसावर जाडं मीठ असं उधळायचा, जणू पेरणीला निघालाय. त्याच निखाऱ्यांपाशी एका रविवारी तो जरा टेकला, तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हा बापाचं जे वय होतं, ते यंदा विल्मारचं झालं होतं. आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडवता सोडवता सांगितलं होतं की नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. मीठ तोडा, साखर तोडा, आजपासून.

असं काही ऐकल्यावर माणूस घरी जातो, बायकोजवळ बसतो. विल्मार कार्यालयात गेला. तो नगरपालिकेच्या आहार व आरोग्य विभागाचा प्रमुख होता आणि त्याच्या सहीला गावात वजन होतं. त्याच दुपारी आदेश निघाला: सर्व खाणावळींच्या टेबलांवरून मीठदाण्या तात्काळ हटवण्यात याव्यात, ग्राहकाने स्वतःहून मागितल्यास, आणि मागताना त्याच्या चेहऱ्यावर पुरेसा पश्चात्ताप आढळल्यास, मीठ देण्यास विभागाची हरकत नाही.

संध्याकाळी निबियानं, म्हणजे बायकोनं, डॉक्टरीण काय म्हणाली असं विचारलं. ठणठणीत आहे म्हणाली, असं सांगून तो कुत्र्याला फिरवायला गेला.

रविवारी त्यानं अंगणात आसादो, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजायचा बेत, घातला, आणि पहिल्यांदाच मांसाला मीठ लावलं नाही. आता, उरुग्वेत सरकारला शिव्या देता येतात, पाद्र्याला देता येतात, राष्ट्रीय संघाच्या गोलरक्षकाला तर द्याव्याच लागतात. पण निखाऱ्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातच्या मांसाला कुणी नावं ठेवत नाही. ताट आलं की एकानं म्हणायचं, भाजणाऱ्यासाठी टाळ्या, आणि सगळ्यांनी वाजवायच्या. चव घेण्याआधीच वाजवायच्या, म्हणजे पुढचा प्रश्न मिटतो.

तशा त्या वाजल्या. मेहुणा हेबेर तर उभा राहून वाजवत होता. मग सगळे जेवू लागले आणि अंगणात अशी शांतता पसरली, जशी मयताच्या घरी असते.

"दाजी," घास या गालातून त्या गालात फिरवत हेबेर म्हणाला, "मांस कसं... प्रामाणिक झालंय."

विल्मारला स्वतःला ते भिजलेला पुठ्ठा चावल्यासारखं लागत होतं. पण इतके हात चुकतील कसे? चूक जिभेचीच असणार. सोमवारी विभागाच्या अहवालात नोंद झाली की मीठविरहित आसादोची सार्वजनिक चाचणी टाळ्यांच्या गजरात यशस्वी झाली असून नागरिक पुढच्या टप्प्यासाठी आतुर आहेत.

पुढच्या टप्प्यात मागूनही मीठ मिळेना. मग साखर गेली. बेकरीत आल्फाहोरची दोन बिस्किटं मधल्या दुधाच्या गोड थराविना मिळू लागली. थर मागच्या दारानं, वाटीत. चौकातल्या खाणावळीच्या ओल्गितामावशींनी मीठदाणी संडासात, साबणाशेजारी ठेवली आणि गिऱ्हाइकाला हळूच सांगू लागल्या, हात धुऊन या हो. लोक हातात चॉप घेऊन हात धुवायला जाऊ लागले.

संडासाबाहेरच्या रांगा विभागाच्या नजरेतून सुटल्या नाहीत. सखोल विचारान्ती निष्कर्ष निघाला की मीठ तोडल्यामुळे गावाची मूत्रपिंडं अनेक पिढ्यांनंतर मोकळी होत आहेत. त्या रांगेत विल्मारही असायचा. पाहणीसाठी, असं तो पुढच्या माणसाला सांगायचा. पुढचा माणूसही पाहणीलाच आलेला असायचा.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पट्टा बांधला आणि काटा बघितला. रक्तदाब कमी कसा होत नाही, त्यांनी विचारलं. विल्मारनं सांगितलं की गावात मिठाचा खडा शिल्लक नाही, बाई. तुमचं यंत्र जुनं झालंय, विभाग नवं घेऊन देईल.

आणि गावाच्या वाढदिवशी नदीकाठी नगरपालिकेचा आसादो झाला. अख्खं गाव लोटलं. राजधानीहून एक उपसंचालक आले. या गावाचा कित्ता सगळ्या देशाला घालून द्यायचा असं घाटत होतं. विल्मार ॲप्रन बांधून निखाऱ्यांसमोर उभा होता. ताटं गेली, हेबेरनं हाक दिली, आणि टाळ्यांचा असा पाऊस पडला की नदीवरचे बगळे उडाले.

फक्त निबियाचे हात मांडीवर होते. ती टाळ्यांकडे बघत नव्हती, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चेहरा लाल होता, मग पांढरा झाला. विल्मारनं शेगडीची कड धरली आणि लाकडाच्या ढिगावर मटकन बसला. लोकांना वाटलं, वाकून नमस्कार करतोय. टाळ्या वाढल्या.

निबिया धावली. त्याचा घाम पुसायला रुमाल हवा म्हणून तिनं ॲप्रनच्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तो पांढरा, जाड्या मिठानं माखलेला. ती रागावेल असं त्याला वाटलं. तिनं मीठ गवतावर झटकलं, जवळ बसली, त्याचं डोकं खांद्यावर घेतलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली होती?"

"विभागाचं असं मत आहे की..."

"विभागाला राहू दे. तुझं सांग, विल्मार."

जवळच्या टेबलावरच्या टाळ्या थांबल्या. मग त्यामागच्या. कोण काय बोलतंय ते ऐकायला माणसं वाकली. त्यांच्यातले बरेच हात नकळत आपापल्या खिशांकडे गेले आणि तिथंच राहिले. कुणी कुणाकडे बघेना.

"माझा बाप असाच, निखाऱ्यांपाशी गेला," तो म्हणाला. "मला मरायची भीती वाटते, निबिया. आणि एकट्यानं अळणी खायची त्याहून जास्त वाटते. म्हणून म्हटलं, सगळ्यांनीच खावं."