गाडीचे नवे हात

आमचा म्हातारा सकाळी उठला की आधी गाडीच्या बोनेटाला कान लावतो. "झोप लागली का गो?" असं तिला विचारतो. मग घरात येऊन मला विचारतो, "चा हाय का?"

धरमतरच्या खाडीकडं आमचं घर. मी मिठागरावर डोक्यानं मीठ वाहून पाठ घालवली, त्यानं पेण-रोहा भाडी मारून ही गाडी जुनी केली. दोघी बरोबरच म्हाताऱ्या झालो, पण तेल-पाणी तिलाच. शेजारची हमीदाभाभी बोलते, "तुझ्या सवतीला परत ताप आला वाटतं. बुढा सकाळपासनं तिच्याजवळ आडवा पडलाय." मी हसत नाय. सवत असती तर भांडता तरी आलं असतं.

पुढच्या सीटवर मला कधी बसवलं नाय. तिथं गिऱ्हाईक, नायतर पेणेचा गणपती मांडीवर घेतलेला यजमान. घरचं माणूस मागं. आता भाडी बंद झाली तरी मी मागंच. पुढं त्याचे पाने नि ग्रीसचे डबे बसतात. भाभीचा लेक दुबईसनं आला की आईला पुढं बसवून नेतो. ती काचेतनं हात करते. मी भांडी घासत असते.

परवा त्यानं नवे अप्पर आर्म आणले. म्हणजे चाकाला वरनं धरून ठेवणारे लोखंडी हात. या जुन्या गाडीला कंपनीचा माल आता मिळत नाय, म्हणून पनवेलसनं दुसऱ्या कुणी बनवलेले. माझं मऊ लुगडं फाडून ते पुसले. माझे हात मिठानं फुटायचे तवा बोलायचा, "कोकमतेल लाव, जाईल."

गाडी जॅकवर उचलून त्यानं बोल्ट आवळले. वडखळपर्यंत जाऊन आला, तर पुढनं सारखं कुईकुई. जेवण गोड लागंना त्याला. मग आपणच बोलला, "चुकलो. चाक लोंबतं ठेवून आवळलं, आतलं रबर पिळलं. गाडी चाकावर उभी पायजे, आत माणसाचं वजन पायजे, मग आवळायचं. बोल्ट सैल केलेत. चल, पुढं बस."

मी 'पुढं बस' एवढंच धरलं. चांगलं लुगडं नेसून आले, तर हा चाकाशी पाना घेऊन बसलेला.

भाभीनं कुंपणावरनं विचारलं, "कुठं निघाली गो?"

"कुठं नाय. वजनाला बसवलीय."

मला राग आला. बोलले, "अवो, मिठाच्या गोणी ठेवायच्या होत्या की. मीच बरी गावले."

त्यानं चाकाच्या वरनं हात आत घातला. वर न बघता बोलला, "गोणीच्या वजनावर आवळलं तर गाडी गोणीला बरी. हितं काय गोणी बसणार हाय?"

मी लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या.

"अष्टमीला लेकीकडनं येताना खड्ड्यात गाडी आपटली, तवा तू पदर तोंडात धरलास. आरशात दिसलं मला."

"मग तवाच का नाय बोललात?"

"बोलून काय करणार? गाडी तशीच होती."

पाना जरा फिरला, थांबला.

"अशी कलती नको बसू. रोज बसशील तशी बस."

मी पाठ टेकली. पाय लांब केले. त्याला घाई नव्हती, मलाबी नव्हती.