रीतसर चिनी

रामटेकेकाकांना चिनी येत असे, पण पाणी मागण्यापुरतंही नाही. अर्ज, अर्जदार, शिक्का, मंजूर, नामंजूर, एवढंच येई. चीनमध्ये ते उपाशी मेले असते, पण रीतसर.

भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हा तिथल्या खुर्सीपार वस्तीत ते माझे शेजारी होते. स्टोअरमध्ये कारकून. पलीकडच्या खोलीत कलकत्त्याहून कामाला आलेले चिनी सुतार, ली मिस्त्री. मिस्त्रींची बायको चीनमधल्या गावी अडकलेली. तिला निघायला तिकडच्या कचेरीची परवानगी हवी, आणि मिस्त्रींना अक्षरओळख नाही. काकांनी कुठूनसा जुना चिनी-इंग्रजी शब्दकोश पैदा केला आणि ड्यूटीवरून आले की त्यात डोकं खुपसून बसू लागले.

"काका, आधी भात, पाणी तरी शिका," मी म्हणालो.

"ते कोणालेबी येते. सरकारी शब्द यायले पायजे. त्याच्यापायीच अडून राह्यलं त्या बाईचं."

उच्चार ते मिस्त्रींवरच तपासून पाहत. सकाळी नळावर गाठून म्हणत, "शेनछिंग." म्हणजे अर्ज. मिस्त्री बादली खाली ठेवून बराच विचार करत आणि म्हणत, "समझ में नहीं आया, बाबू." मग काका मला बाजूला घेऊन सांगत, "माणूस चांगला आहे, पण चिनी कच्चं आहे त्याचं."

तरी अर्ज गेला. एकेक अक्षर काकांनी जीभ दातांत धरून उतरवलं होतं. पुढे कितीतरी महिने पोस्टमन दिसला की मिस्त्रींच्या आधी काकाच उठून उभे राहत.

एका रविवारी उत्तर आलं. आम्ही तिघे बाजेवर बसलो. काकांचं बोट ओळीवरून सरकत शेवटाला आलं. "फीजुन," ते पुटपुटले आणि खुलले. फीजुन म्हणजे मंजूर. मग बोट जरा मागे गेलं. त्याच्या आधी दोन अक्षरं होती. ती नकाराची, मला काकांनीच शिकवलेली. बोट तिथून हलेना.

"क्या लिखा है, बाबू?" मिस्त्रींनी विचारलं.

"ये शब्द मेरे को नहीं आता, मिस्त्री."

सरकारी शब्द येत नाही असं काका जन्मात पहिल्यांदाच म्हणाले असतील. त्यांचे डोळे भरून आले होते.

मिस्त्रींनी त्यांच्या हातातून कागद हळूच घेतला आणि नीट घडी घातली.

"रोओ मत, बाबू," ते म्हणाले. "कलकत्ते में भी चिट्ठी पढ़ने वाले को यही शब्द नहीं आता था."